हनीसकलचा वास संध्याकाळी येतो

नर्सरीत काम करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, रिकाम्या कुंड्या आणि किस्से. दोन्ही टाकवत नाहीत, दोन्हींचा उपयोग काही नाही आणि मधूनमधून कुणीतरी विचारतंच, "एवढं कशाला ठेवलंय?" मला या काउंटरवर बसून एकोणीस वर्षं झाली. गुडघे गेले. "ताई, हे जगेल ना?" या प्रश्नाला हसून उत्तर द्यायची ताकद तर केव्हाच गेली. किस्से तेवढे वाढत चाललेत. आज तुम्ही निवांत बसलाच आहात, तर थोडे तुमच्या गळ्यात घालते.

नर्सरी सोलापूर रस्त्याला. मालक आठवड्यातून एकदा येतात, सगळीकडे नजर टाकतात, "छान चाललंय" म्हणतात आणि जातात. बाकीचे दिवस मी आणि नामदेवमामा. मामा यवतमाळकडचे. पुण्यात येऊन पंचवीस वर्षं झाली, बोलणं अजून तिकडचंच. माती, पाणी, कलमं त्यांच्याकडे; गिऱ्हाइकं माझ्याकडे. झाडं बोलत नाहीत, त्यामुळे मामांची तब्येत अजून ठणठणीत आहे.

आणि हल्ली सगळे किस्से एकाच वेलीचे. हनीसकल! कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ टाकला असणार, की घरात सुगंध हवा तर ही वेल लावा. तेव्हापासून अख्ख्या पुण्याला हनीसकल हवंय.

*

पहिला घोटाळा नावाचा. मालकांनी फोनवरून पाटी रंगवायला सांगितली. रंगवणाऱ्याने काय ऐकलं देव जाणे, पाटी आली 'हनी सर्कल'. मी म्हटलं, बदलून आणा. मालक म्हणाले, "राहू द्या हो, पाटी कोण वाचतंय!"

पुण्यात! पाटी कोण वाचतंय!

दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ तिच्यासमोर पाच मिनिटं हाताची घडी घालून उभे.

"ही वेल गोलच वाढते का?"

"नाही, आधार द्याल तशी वाढते."

"मग सर्कल कशाला लिहिलंय? आमची गॅलरी चौकोनी आहे."

वेल न घेता गेले.

*

पाटी बदलली तरी घोटाळा संपेना, कारण मधुमालतीलाही बरेच लोक हनीसकल म्हणतात. खरं तर ओळखायला सोपं आहे. मधुमालती पांढरी उमलते, मग गुलाबी होते, मग लाल. हनीसकल पांढरं उमलतं आणि एक-दोन दिवसांत पिवळं पडतं. शिवाय लाल-केशरी नळ्यांसारख्या फुलांचं एक हनीसकल असतं. दिसायला देखणं, वासाच्या नावाने शून्य. म्हणून कुणी "हनीसकल द्या" म्हटलं की मी आधी तीन प्रश्न विचारते. लोक वैतागतात. मीही वैतागते.

एकदा आई आणि मुलगी आल्या. मुलगी म्हणाली, "हनीसकल." आई म्हणाली, "मधुमालती. माझ्या माहेरी फाटकावर होती." मुलीने हनीसकल म्हणून फोनवर फोटो दाखवला, तो मधुमालतीचा. आईने मधुमालती म्हणून जे वर्णन केलं, पांढरी, मग पिवळी, ते हनीसकलचं. दोघींना एकमेकींची वेल हवी होती आणि दोघी एकमेकींना चूक ठरवत होत्या. पाऊण तास! भर मे महिन्यात, पत्र्याखाली! शेवटी मी दोन्ही कुंड्या ओढत आणल्या, समोर ठेवल्या, दोन्हींची नावं सांगितली आणि कंबर धरून उभी राहिले.

आईने दोन्ही नीट पाहिल्या आणि विचारलं, "जाईचं चांगलं रोप आहे का हो?"

*

त्याच मे महिन्यात आगाशे काका पहिल्यांदा आले. बँकेतून निवृत्त, राहायला शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर. दुपारी बरोबर बारा वाजता आले, टोपी काढली, फुलाला नाक लावलं.

"वास नाही याला."

"संध्याकाळी येतो."

"कोण?"

"वास."

"तुम्ही बंद किती वाजता करता?"

"सात."

"म्हणजे वास कामावर आला की तुम्ही घरी जाता. उत्तम!"

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा हजर. फुलावर वाकले, डोळे मिटले, आणि इतका वेळ तसेच राहिले की मला वाटलं कंबर धरली. मग सरळ होऊन म्हणाले, "ठीक आहे." पुण्यात ही फार मोठी पावती झाली.

मी नेहमीचं सगळं सांगितलं. कुंडी मोठी घ्या, वेलीवर सकाळचं ऊन असू द्या, दुपारी आडोसा, मुळं गार राहिली पाहिजेत, चढायला तार बांधा. काकांनी डायरीत मुद्दे घालून लिहून घेतलं.

"फुलावर आलेलीच द्या. वाट बघायला वेळ नाही."

"पाहुणे यायचेत का?"

"नाही. घरचंच माणूस आहे," ते म्हणाले आणि कुंडी स्वतः उचलून रिक्षेकडे गेले.

*

आठ दिवसांनी तीच कुंडी काउंटरवर दाणकन आदळली.

"वास नाही याला!"

संध्याकाळची वेळ. वेलीवर दहा-बारा फुलं आणि अख्ख्या काउंटरवर दरवळ सुटलेला. पलीकडून पाइप धरलेले मामा ओरडले, "ताई, काय मस्त सुटला ना वास!"

"काका, अहो आत्ता येतोय!"

"मला शिकवू नका. वासाची म्हणून बिनवासाची वेल दिलीत. फसवणूक आहे ही!"

माझं डोकंच फिरलं. एकोणीस वर्षांत पाणी कमी पडलं असेल, गिऱ्हाइकावर ओरडले असेन, पण चुकीचं झाड कधी दिलेलं नाही. तसं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी फाटकाकडे पाठ केली आणि आवाज एकदम खाली आणला.

"मला येतो वास. तिला येत नाही."

फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. आत काकू बसल्या होत्या, आमच्याकडे बघत.

दोन वर्षांपूर्वी ताप आला, काकांनी सांगितलं. ताप गेला आणि जाताना काकूंचं नाक घेऊन गेला, कसलाच वास येईना. डॉक्टर म्हणाले, येईल परत, रोज वेगवेगळे वास हुंगायला द्या. लवंग झाली, कापूर झाला, कॉफी झाली. काही नाही. आणि काकू भाजणीवाल्या! तीस वर्षं थालीपिठाची आणि चकलीची भाजणी करून देत होत्या, अर्धी पेठ त्यांच्याकडून न्यायची. आता भाजणी काही घड्याळ लावून भाजत नाहीत. ज्वारी, डाळ, धणे, प्रत्येकाचा खमंग वास सुटला की उतरवायचं, नाकावरच सगळं काम. गेल्या दिवाळीच्या आधी कढईतली डाळ करपली, ती काकूंना धूर दिसला तेव्हा कळली. त्या दिवशी त्यांनी कढई घासली, पुसली आणि माळ्यावर टाकली.

"मीच तिला बोलून बसलो," काका म्हणाले, "की या वेलीचा वास इतका जबरदस्त आहे, हा तर येईलच. नाही आला. आता म्हणते, माझं नाक संपलं. तेव्हा तुम्ही तिला सांगा, की झाडच चुकीचं दिलं. जरा मोठ्याने सांगा."

अहो, पुण्यातला दुकानदार चूक झालेली असली तरी कबूल करत नाही! मी फाटकापर्यंत चालत गेले आणि म्हणाले, "काकू, चुकलं हो आमचं. बिनवासाची वेल गेली तुमच्याकडे. बदलून देते."

"तरीच!" काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा एवढा उजळला की मला तिथे उभं राहवेना. मी कुंडी आणायच्या निमित्ताने आत आले आणि जरा वेळ नळाशी थांबले.

परत आलेली वेल मामांनी मागच्या हिरव्या जाळीखाली ठेवली, तिला पाणी पाजलं आणि म्हणाले, "आली माहेरवाशीण." पावसाळ्यापर्यंत जाळीखाली अशा तीन माहेरवाशिणी झाल्या. तिन्ही घमघमत होत्या, आणि तिन्ही वेळा मी फाटकाशी जाऊन चुकलं म्हणून आले.

*

मधल्या काळात बाकीचं जग काही थांबलं नव्हतं. हिंजवडीला आयटीत असलेला एक मुलगा, अत्यंत गुणी, माझ्याकडून हनीसकल घेऊन गेला होता. मातीत ओलावा मोजायचं यंत्र, दर तीन तासांनी मोबाइलवर अपडेट, ठिबक ऑटोमॅटिक. वर दर आठवड्याला युरिया. चार महिन्यांनी फोटो दाखवायला आला. अख्खी खिडकी झाकली होती, पडद्याची गरज नाही. फूल एकही नाही.

"ताई, ऑल पॅरामीटर्स ग्रीन आहेत. मग आउटपुट का नाही?"

"अरे, अति खातंय ते. युरियाने नुसती पानं सुटतात. खत बंद कर, पाणी बेताचं दे, थोडं कापून टाक. जरा उपाशी ठेवलं की देईल फुलं."

त्याने बोटांनी फोटो मोठा करून पाहिला.

"आमच्या मॅनेजरचं आमच्याबद्दल हेच म्हणणं आहे," तो म्हणाला.

*

कोथरूडच्या एक बाई तणतणत आल्या. त्यांची वेल ग्रिलवरून सरकत शेजारच्या गॅलरीत गेली होती. ऊन तिकडे जास्त, त्यामुळे फुलं सगळी तिकडे. यांच्याकडे कुंडी, मुळं आणि वाळकी पानं.

"पाणी मी घालते, पानांवरची माव्याची कीड मी धुते आणि संध्याकाळी खुर्ची टाकून वास त्या घेतात! हा वास आमच्या बाजूला वळवता येईल का?"

मी म्हटलं, वेल हळूहळू मागे ओढून घ्या, फांद्या तुमच्याकडच्या तारेला बांधा. त्यांना पटलं. जाताना कात्री घेऊन गेल्या, म्हणजे निकाल लागला असंच मला वाटलं.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या एक बाई आल्या. पत्ता तोच, फ्लॅट शेजारचा.

"आमच्याकडच्या हनीसकलची फुलं एकदम कमी झालीत हो. खत कुठलं घालू?"

"कुंडी तुमची आहे का?"

"नाही, कुंडी शेजारी आहे. पण त्यांना कळत नाही त्यातलं. तुम्ही लिहून द्या, मी त्यांना घालायला सांगते."

मी लिहून दिलं. भांडायला जोर लागतो हो, आणि तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

*

श्रावणात काकू एकट्या आल्या. बसने आल्या होत्या, हातात पिशवी. मी लगेच सुरू झाले, "काकू, या वेळची पण चुकीची निघाली का? अहो, वरूनच माल तसा येतोय..."

"पुरे," काकू म्हणाल्या. "झाडं चांगली आहेत तुमची. चारही."

मी माझी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"वरच्या मजल्यावरची पोर रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत येते. म्हणते, आजी, कसला भारी वास सुटलाय! मी तिला सांगते, हळू बोल गं, आजोबा ऐकतील."

"मग तुम्ही काकांना..."

"त्यांना कशाला सांगू? मला कळलंय हे त्यांना कळलं, तर करतील काय? आत्ता निदान तुमच्याशी भांडायला म्हणून घराबाहेर पडतात. नाही तर दिवसभर समोर बसून माझ्या नाकाकडे बघत असतात."

मला हसावं की काय करावं ते समजेना. काकूच हसल्या.

"आज मार्केट यार्डला डाळी बघायला जाते, असं सांगून निघालेय. त्यांना वाटलं, भाजणीचं मनात आलं. इतके खूश झाले, माझी छत्री स्वतः शोधून दिली."

"मग घेणार का डाळी?"

"घेऊन काय करू?" असं म्हणून त्या जाळीखालच्या माहेरवाशिणींपाशी गेल्या. एका फुलात तोंड खुपसून उभ्या राहिल्या, अगदी काका राहिले होते तशा. मामांनी पाइपचं पाणी बंद केलं.

काकू मागे वळल्या. "नाकाला गार लागतं," म्हणाल्या. "बाकी काही नाही."

जाताना फाटकाशी थांबून बजावलं, "ते आले की तुम्ही आपलं चुकलं म्हणा. मोठ्याने म्हणा. त्यांना बरं वाटतं."

त्या दिवशी मी पुढच्या गिऱ्हाइकाला गुलाबाच्या जागी जास्वंद बांधून दिली. एकोणीस वर्षांतली पहिली खरी चूक, आणि तिची माफी मागायचं मात्र राहून गेलं.

तिथून पुढे माझी दुहेरी नोकरी सुरू झाली. काका यायचे, भांडायचे, डोळा मारायचे. मागे काकू रिक्षेत बसून डोळा मारायच्या. आणि मी मध्ये उभी राहून दोघांची माफी मागायचे. मालकांच्या कानावर गेलं, तर ते म्हणाले, "ताई, आपली हनीसकलं खराब आहेत का?" त्यांनाही काय सांगणार! मी त्यांचीही माफी मागितली.

मामांनी एकदा विचारलं, "ताई, असं किती दिस चालन? त्या माउलीचं नाक आलंच नाही तं?"

मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर माझी आशा दिवाळीच्या सुमाराला संपली होती. दिवाळीत आमच्याकडे गर्दी असते, पण मला सारखी ती माळ्यावरची कढई आठवायची. काकूंच्या पेठेतल्या लोकांनी यंदाही चकल्या दुसऱ्या भाजणीच्या केल्या असणार.

*

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी दहाचा सुमार. मालकांनी कुठूनसं मासळीचं खत मागवलं होतं, निळ्या पिंपात, पातळ. फुलझाडांना उत्तम म्हणे. मामांनी पिंपाचं झाकण उघडून काठीने ढवळायला घेतलं आणि समोरच्या चहावाल्याने आपली गाडी उचलून दोन दुकानं पलीकडे नेली. मी रुमाल बांधून काउंटरवर बसले होते. आलेलं एक गिऱ्हाईक फाटकातूनच परत गेलं.

तेवढ्यात रिक्षा थांबली. काका उतरले, हातात कुंडी. सातवी. आल्या आल्या त्यांनी आवाज चढवला, "बाई, कमाल आहे तुमची! पुन्हा बिनवासाची..."

या वेळी काकू रिक्षेत बसून राहिल्या नाहीत. पाय अवघडले म्हणून त्यांच्या मागोमाग आत येत होत्या. फाटकातून दोन पावलं आत आल्या आणि जागीच थांबल्या. पदर नाकाला गेला.

"शी! काय मेलंय का हो इथे?"

काकांचं वाक्य अर्धंच राहिलं. कुंडी हातातच.

"काय म्हणालीस?"

"घाण येतेय! एवढी घाण! तुम्हाला येत नाहीये का?"

"येतेय," काका म्हणाले.

मामा बिचारे ओशाळले. "माफ करा माय, मासोळीचं खत हाय, आत्ता झाकतो," असं म्हणत झाकण उचलून धावले.

"झाकण लावू नका!" काका ओरडले. एवढ्या मोठ्याने तर ते माझ्यावरही कधी ओरडले नव्हते.

मामा झाकण हातात धरून तसेच उभे. काकांनी कुंडी खाली ठेवली. काउंटरच्या मागे आले, मला हाताने उठवलं, माझी खुर्ची उचलली आणि सगळ्या कुंड्यांमधून वाट काढत नेऊन त्या पिंपाला अगदी चिकटून ठेवली. मग काकूंचा हात धरून म्हणाले,

"ये. बस इथे. घाई नाही आपल्याला."